पातळी कळते, पाणी कळत नाही

पाऊस लागला की धरणांच्या टक्केवारीचा तक्ता रोज डोळ्यांपुढे येऊ लागतो. अमुक धरण ६२ टक्के, तमुक ४८, गेल्या वर्षी आजच्या तारखेला एवढं. त्यावरून पाणीकपात ठरते, कालव्यांची आवर्तनं ठरतात, वरच्या आणि खालच्या भागांतली भांडणं पेटतात. पण लोक या आकड्यावर जेवढा भार टाकतात तेवढा पेलण्याची त्याची ताकद नाही. नदीच्या विसर्गाचे (म्हणजे सेकंदाला वाहून जाणाऱ्या पाण्याचे) आणि भूजलाचे आकडे तर त्याहून नाजूक. मोजणी सुधारावी म्हणून जो पैसा खर्च होतो, तोही दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे अशा रीतीनं होतो.

धरण, नदी आणि विहीर या तिन्ही ठिकाणी मोजली जाते ती उंची. जलाशयाची पातळी, मापनपट्टीवरची नदीची चढ, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. त्या उंचीवरून पाणी किती हे काढायला मध्ये एक रूपांतर लागतं: धरणाला क्षमता तक्ता (कोणत्या पातळीला किती साठा ते सांगणारा), नदीला रेटिंग कर्व्ह (पातळीवरून विसर्ग सांगणारी रेघ), भूजलाला खडकातून निथळणाऱ्या पाण्याचं प्रमाण. उंची मोजणं आता फार सोपं झालंय. रडार सेन्सर, सौर पॅनेल, एक सिमकार्ड, की दर पंधरा मिनिटांनी आकडा हजर. रूपांतर मात्र कैक ठिकाणी दशकांपूर्वीचं तेच चालू असतं. सेन्सर निविदा काढून घेता येतो, त्याचं उद्घाटन करता येतं. रूपांतराचा तक्ता माणसांना पुन्हा पुन्हा पाण्यात उतरवूनच तयार होतो, आणि त्याची फीत कापायला कुणी येत नाही.

धरणाचं उदाहरण आधी घेऊ. क्षमता तक्ता बहुधा धरण बांधण्याआधीच्या समोच्चरेषांवरून केलेला असतो. त्यानंतर दर पावसाळ्यात गाळ येत राहतो. तो मृतसाठ्यात, म्हणजे सर्वांत खालच्या दरवाजाच्याही खाली उरणाऱ्या पाण्यात, जाऊन निमूट बसेल असं संकल्पनेत धरलेलं असतं. प्रत्यक्षात वाळू-रेती फुगवट्याच्या शेवटाला, वाहती नदी साचलेल्या पाण्याला भेटते तिथेच, खाली बसते आणि उपयुक्त साठ्याची जागा खाते. तक्ता जुनाच राहिला तर पातळी अचूक आणि साठा फुगवलेला, असं होतं. फेरसर्वेक्षण दोन प्रकारांनी करता येतं. बोटीवर इको साउंडर आणि जीपीएस लावून ठरावीक आडव्या रेषांवर तळ मोजायचा, किंवा वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा उपग्रहचित्रांवरून काढायचा. दुसरा प्रकार स्वस्त आहे, पण त्या वर्षी पाणी ज्या पातळीपर्यंत उतरलं त्याच्या खालचं त्यात काहीच दिसत नाही. मृतसाठ्यावर जगायची पाळी ज्या धरणावर वारंवार येते, तिथे बोटीला पर्याय नाही.

टक्केवारीची गंमत आणखी वेगळी. ती एकूण पाण्याची नसते, उपयुक्त साठ्याची असते. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, त्यातलं साडेत्रेसष्ट मृतसाठ्यात आणि साडेत्रेपन्न उपयुक्त. म्हणून उजनी ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही तिच्यात कोयनेच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि ‘उणे २० टक्के’ असते तेव्हाही जवळपास ५३ टीएमसी शिल्लक असतं. जायकवाडीचा शून्य टक्का म्हणजे सुमारे २६ टीएमसी. कोयनेचा शून्य टक्का पाचेक टीएमसी. हे तीन शून्य एका तक्त्यात एकाखाली एक छापून वाचकानं काय समजून घ्यायचं? टक्क्याशेजारी दलघमी (दशलक्ष घनमीटर) किंवा टीएमसीतला एकूण आणि उपयुक्त असे दोन्ही आकडे आणि क्षमता तक्त्याचं वर्ष, एवढं छापायला जागा किती लागते?

खरी मेहनत नदीत आहे. विसर्ग मोजायचा तर आधी जागा हवी: पात्र सरळ, काठ भक्कम, पाणी एकाच ओघात जाणारं. काठापासून काठापर्यंत तार ताणायची आणि रुंदीचे वीस-पंचवीस भाग पाडायचे. कोणत्याही एका भागातून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये. पाचच्या आत राहिलं तर उत्तम. प्रत्येक भागात खोली घ्यायची आणि करंट मीटर (पाण्याचा वेग मोजणारं वाट्यांचं चाक) सोडायचा. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट खाली एकच वेग. साधारण पाऊण मीटरहून खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर दोन वेग घेऊन त्यांची सरासरी. मीटरच्या वाट्यांचे फेरे निदान चाळीस सेकंद तरी मोजायचे, कारण नदीचा वेग क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. भागाची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार, मग सगळ्या भागांची बेरीज. एवढ्या खटाटोपानंतर आलेखावर एक बिंदू मिळतो: पातळी एवढी असताना विसर्ग एवढा. तोही मीटर नीट चालत असेल तर. मीटर वेळोवेळी लांब टाकीतून ठरलेल्या वेगानं ओढून तपासून घ्यावा लागतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात ही सोय आहे.

असे बिंदू सगळ्या पातळ्यांना मिळाले की त्यांतून जी रेघ जाते ती रेटिंग कर्व्ह. मग रोज फक्त पातळी घ्यायची आणि रेघेवरून विसर्ग वाचायचा. सोय मोठी आहे, पण ती रेघ कायमची नसते.

एका मोठ्या पुरात तळाची वाळू खरवडून जाते किंवा नवी येऊन बसते. पुढच्या आठवड्यात तीच पातळी वेगळा विसर्ग दाखवत असते. उन्हाळ्यात हा फरक सर्वांत जाचतो, कारण तेव्हा पाणी वीतभर आणि तळ चार बोटं हललेला. दुसरं, एकाच पातळीला चढत्या पुरात जास्त पाणी जातं आणि उतरत्या पुरात कमी, कारण चढताना पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार अधिक असतो. सपाट खोऱ्यातल्या संथ नदीला एकच रेघ लावली तर चढता पूर कमी मोजला जातो आणि उतरता जास्त. तिसरं कारण माणसानं तयार केलेलं. पावसाळा सरताना कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की पाणी मागे तुंबतं, वरच्या मापनपट्टीवर दोन मीटर पाणी दिसतं आणि नदी जवळजवळ वाहतच नसते. संगणक मात्र इमानेइतबारे त्या दोन मीटरचा विसर्ग काढून वर पाठवतो.

पुराचं तर विचारूच नका. पुरात माणूस पाण्यात उतरत नाही आणि उतरूही नये. त्यामुळे रेघेचा वरचा भाग अनेक केंद्रांवर प्रत्यक्ष मोजणीशिवाय पुढे ओढलेला असतो. म्हणजे ज्या आकड्यावर पुलांची उंची आणि पूररेषा ठरते तोच सर्वांत कच्चा. पुलावरून ओंडक्यांचा किंवा सोडलेल्या तरंगत्या खुणांचा वेग घेतला आणि त्याला ०.८५ नं गुणलं तरी पुष्कळ हाती लागतं. ध्वनिलहरींनी वेग घेणारं एडीसीपी छोट्या तराफ्यावर बांधून पुलावरून ओढता येतं. गढूळ, गाळ वाहून नेणाऱ्या पुरात त्याच्याही मर्यादा आहेत, पण ओढलेल्या रेघेपेक्षा ते शंभर पटींनी बरं. अडचण एवढीच की पूर मध्यरात्री येतो. त्या वेळी प्रशिक्षित माणसं, गाडी आणि साधन तयार हवं, आणि हा खर्च वर्षानुवर्षं चालणारा असतो.

जुन्या नोंदवह्या चाळल्या तर आणखी एक चमत्कार दिसतो: काही नद्या सुट्टीच्या दिवशी अजिबात हलत नाहीत. शनिवारचा आकडा रविवारी, आणि सोमवारीही तोच. पट्टी वाचणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही; तुटपुंज्या मानधनावर रोज नदीकाठी जाणाऱ्यानं सुट्टी घेतली तर त्याच्या बदलीला कुणी नसतं. पण सेन्सर आला म्हणून हा रोग गेला असं समजू नये. नळी गाळानं बुजली, रडारच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं, की सेन्सरही दिवसचे दिवस एकच आकडा पाठवतो, आणि पडद्यावर तो ‘स्थिर पातळी’ म्हणून झळकतो. शेजारच्या मापनपट्टीवर आठवड्यातून एकदा माणसानं नजर टाकून आकडा ताडून पाहणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि टेलिमेट्री (आकडे आपोआप दूर पाठवणारी यंत्रणा) बसली की पहिली गदा त्याच्यावरच येते.

आता विहिरी. निरीक्षण विहिरीची पातळी वर्षातून चार वेळा घेण्याची पद्धत रुळलेली आहे: साधारण जानेवारीत, उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. मोजणं सोपं आहे, चुकणंही. पट्टी काठाच्या कोणत्या खुणेपासून सोडली ते दर वेळी तेच हवं, आणि ती खूण जमिनीपासून किती वर आहे ते वजा करायला हवं. विहिरीवर किंवा शेजारच्या बोअरवर पंप चालू असेल तर मिळते ती उपशाची पातळी, विश्रांतीची नव्हे. पंप बंद करून पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि कठीण खडकात त्याला कित्येक तास लागतात. पिझोमीटरमध्ये (पातळी मोजण्यासाठीच घेतलेल्या बोअरमध्ये) टाकलेला दाबमापक सेन्सर हवेचाही दाब मोजतो. हवेचा दाब एक मिलिबारनं वाढला की पातळी एक सेंटिमीटर चढल्यासारखी दिसते. उष्ण कटिबंधात हा दाब दिवसातून दोनदा तीन-चार मिलिबार वरखाली होतो, म्हणून हवेचा दाब वेगळा मोजून वजा केला नाही तर बंद बोअरमध्ये रोज भरती-ओहोटी दिसू लागते.

त्यानंतर रूपांतर. पातळी एक मीटर उतरली म्हणजे किती पाणी गेलं? महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाखाली बेसाल्ट आहे. झिजलेल्या, भेगाळलेल्या बेसाल्टमधून निथळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरलं तर एका चौरस किलोमीटरला एक मीटर घट म्हणजे २० हजार घनमीटर. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळात हेच प्रमाण पंधरा टक्के धरलं तर दीड लाख घनमीटर. एकाच तालुक्यात दोन्ही जमिनी असतील तर ‘तालुक्याची भूजलपातळी सरासरी अमुक मीटरनं घटली’ या वाक्यातून पाणी किती गेलं ते कळायला मार्गच नाही. बेसाल्टमध्ये तर खोलीनुसारही प्रमाण बदलतं: वरचा मुरूम आणि भेगांचा थर पाणी देतो, खालचा अखंड काळा पाषाण फारसं देत नाही. म्हणून पहिल्या पाच मीटरची घट आणि पुढच्या पाच मीटरची घट सारखी नसते.

सरासरीची सर्वांत वाईट खोड कोरड्या विहिरींमुळे लागते. समजा दहा विहिरी आहेत. गेल्या मार्चमध्ये पाच विहिरींत पाणी आठ मीटरवर होतं आणि पाचांत चौदा मीटरवर, सरासरी अकरा. यंदा पहिल्या पाचांत ते नऊ मीटरवर गेलं आणि उरलेल्या पाच, ज्यांचा तळ पंधरा मीटरवर आहे, आटल्या. कोरड्या विहिरीसमोर आकडा नसतो, फक्त ‘कोरडी’ असा शेरा. संगणक आकड्यांची सरासरी काढतो: नऊ. बातमी होते, भूजलपातळी दोन मीटरनं वाढली. यात कुणी लबाडी केलेली नाही. प्रत्येक नोंद खरी आहे. तरीही निष्कर्ष नेमका उलटा, आणि तो दुष्काळाच्या वर्षी उलटा. यावर तोडगा अवघड नाही. कोरड्या विहिरीला ‘तळापेक्षा खोल’ अशी किमान खोली द्यायची (म्हणजे इथे पंधरा मीटरच्या खाली), सरासरीऐवजी मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) सांगायचा, आणि किती विहिरी कोरड्या हा आकडा सरासरीच्या आधी छापायचा.

उपग्रहांनी हे काम सोपं केलं असं अधूनमधून ऐकू येतं. २००२ साली सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीनं गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपून राजस्थान, पंजाब, हरियाणाखालून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गेल्याचं दाखवलं. काम मोलाचं आहे, पण त्या उपग्रहांची नजर शेकडो किलोमीटरांची. तालुका त्यांना दिसत नाही.

तिन्ही मोजण्या वेगवेगळ्या खात्यांच्या हाती असल्या की आणखी एक घोटाळा होतो. उन्हाळ्यात नदीत जे वाहतं ते बरंचसं भूजलच असतं, काठाच्या खडकातून पाझरून आलेलं. एका खात्यानं ते नदीत मोजलं, दुसऱ्यानं विहिरीत. दोन्ही बेरजेत धरून योजना आखली की तेच पाणी दोनदा वाटलं जातं. नंतर विहिरींचा उपसा वाढतो, नदीचा उन्हाळी ओघ तुटतो, आणि पावसाला दोष दिला जातो.

रोजचा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, हा आकडा तर खास तपासून घ्यावा असा. धरणात येणाऱ्या सगळ्या ओढ्यांवर मापन केंद्रं नसतात. म्हणून येवा उलटा काढतात: साठ्यातला बदल, अधिक सोडलेलं पाणी, अधिक बाष्पीभवन. जलाशयाचा पसारा ३०० चौरस किलोमीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ३० लाख घनमीटर. वाऱ्यानं पाणी भिंतीकडे ढकललं आणि पट्टीवर एक सेंटिमीटर जास्त वाचलं गेलं, तर तासाच्या हिशोबात सुमारे २९ हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) येवा कागदावर जन्माला येतो. पुढच्या तासाला वारा पडला की तेवढाच उणे येवा. पुरात दरवाजे किती उचलायचे हे या आकड्यावर ठरत असेल तर दोन-तीन ठिकाणच्या पातळ्यांची सरासरी आणि काही तासांची सरासरी घेतलीच पाहिजे. बाष्पीभवनही किरकोळ नाही. बाष्पीभवन पात्रात दिवसाला दहा मिलिमीटर दिसलं तर ०.८ नं गुणून जलाशयातून आठ. २०० चौरस किलोमीटरवर ते १६ लाख घनमीटर, म्हणजे साडेसहाशे क्युसेकचा कालवा रात्रंदिवस आभाळात चालल्यासारखं. पात्रातलं पाणी पक्ष्यांनी प्यायलं, जाळी फाटली, पाणी शेवाळलं, तर हा आकडा बिघडतो आणि गळतीचा संशय भलत्याच दरवाजावर जातो.

चुकलेल्या मोजणीची किंमत पुढच्या पिढ्या कशा भरतात याला कोलोरॅडो नदीचा दाखला पुरतो. १९२२ च्या करारात अमेरिकेतल्या वरच्या आणि खालच्या खोऱ्यांना प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ३२७ टीएमसी, वाटून दिलं. हाताशी असलेल्या नोंदी थोड्या वर्षांच्या होत्या, आणि ती वर्षं कित्येक शतकांतली अतिशय ओली निघाली, हे नंतर झाडांच्या वर्तुळांवरून कळलं. १९४४ च्या तहात मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट कबूल केलं गेलं. नदीत नाही एवढं पाणी कागदावर वाटलेलं आहे, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये खालच्या खोऱ्यात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या पहिल्या लवादानं १८९४-९५ पासूनची ७८ वर्षांची मालिका घेऊन ७५ टक्के विश्वासार्हतेला (म्हणजे शंभरातल्या पंच्याहत्तर वर्षी तरी मिळेल असं) २०६० टीएमसी धरलं. दुसऱ्यानं २०१० मध्ये १९६१-६२ पासूनची ४७ वर्षं घेऊन ६५ टक्के विश्वासार्हतेला २२९३ टीएमसी. नदी तीच. मालिका आणि निकष बदलले की ‘उपलब्ध पाणी’ बदलतं. अशा वेळी दशकांपूर्वी कुणीतरी एका केंद्रावर रेटिंग कर्व्ह किती निगुतीनं काढली होती याला अब्जावधी रुपयांचं मोल येतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट फुकट आहे: शंका छापा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नदीच्या विसर्गाच्या नोंदीला दर्जा देण्याची पद्धत रूढ आहे. पंचाण्णव टक्के दैनिक आकडे पाच टक्क्यांच्या आत बरोबर असतील तर उत्कृष्ट, दहाच्या आत असतील तर चांगली, पंधराच्या आत ठीक, त्यापुढे खराब. आकडा आधी ‘तात्पुरता’ म्हणून येतो आणि तपासल्यावर ‘मान्य’ होतो. आपल्याकडे शेवटची प्रत्यक्ष विसर्गमोजणी कधी झाली, कोणत्या पातळीपर्यंत झाली, क्षमता तक्ता कोणत्या वर्षीचा, किती विहिरी कोरड्या, एवढं प्रत्येक आकड्याच्या शेजारी दिलं तरी पुष्कळ झालं.

यावर आक्षेप ठरलेला आहे. शंका छापली की शेजारचं राज्य कोर्टात जाईल, लोक घाबरतील. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांची प्रवाहमाहिती दीर्घकाळ गोपनीय वर्गात ठेवली गेली, त्यामागेही याच जातीची भीती. पण माहिती झाकून भांडणं थांबली असं काही दिसत नाही. झालं एवढंच की प्रत्येक पक्ष आपापले आकडे घेऊन येतो आणि ताडून पाहायला तिसरा आकडाच नसतो. पूरइशाऱ्यासाठी दर पंधरा मिनिटांची टेलिमेट्री हवीच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो प्रमाणाचा. पन्नास नव्या सेन्सरांऐवजी पंचवीस घ्यावेत आणि उरलेल्या पैशातून दोन फिरती मोजणीपथकं कायम ठेवावीत. प्रत्येक केंद्रावर वर्षाला सहा ते दहा प्रत्यक्ष विसर्गमोजण्या, त्यांतल्या निदान दोन पुरातल्या, एवढं बंधन असावं. ते पाळता येत नसेल तर केंद्रांची संख्या कमी करावी, पण ज्यांची मालिका सर्वांत लांब आहे ती केंद्रं शेवटपर्यंत चालू ठेवावीत.

आणि केंद्र किंवा विहीर बदलायचीच झाली तर जुनी लगेच बंद करू नये. आटत चाललेल्या निरीक्षण विहिरीशेजारी खोल पिझोमीटर घ्यायचा तो ती पूर्ण आटण्याआधी घ्यावा, आणि निदान एक अख्खं वर्ष, पावसाळा आणि उन्हाळा धरून, दोन्हींची पातळी एकाच दिवशी नोंदवावी. नदीवरचं केंद्र पूल पाडल्यामुळे दोन किलोमीटर खाली न्यायचं असेल तर दोन्हीकडचा विसर्ग निदान एका पावसाळ्यात बरोबरीनं मोजावा आणि नव्या पट्टीचं शून्य जुन्याच बेंचमार्कला (उंचीच्या पक्क्या खुणेला) बांधावं. एवढं केलं नाही तर नवी मालिका कितीही नीट ठेवली तरी जुन्या मालिकेला ती जोडता येत नाही.